भार्गवपंतांनी पेडल घेऊन खर्जाचा सुभा राखिला, त्याची हकिकत

॥ श्री ॥ जो नाद कानास धड ऐकू येत नाही परंतु खुर्चीच्या पायांतून अंगात शिरतो, त्या नादास प्रथम नमन करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवसापासोन जे वर्तमान घडले ते, तिखटमीठ फारसे न लावता, लिहिले असे.

एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावे तर ते अद्याप ठरले नाही. नावाची मसलत अकरा वर्षे चालली आहे आणि दर मसलतीस एकजण रुसून घरी जातो, सबब नाव सोडून पुढे लिहितो. राज्य म्हणजे चौघांचा बँड, आणि राजधानी अन्वरभाई मुजावर यांचे टायरच्या दुकानामागील खोलीत. दुकान रविवारी बंद, म्हणोन दरबार रविवारी सकाळी भरावा, मंडळींनी जुन्या टायरांवर बैठक घालावी, चहा यावा आणि मग वाद्ये काढावी, ऐसा शिरस्ता. गादीवर इंद्रजित महाराज. ते सहा दिवस औषधांचे दुकान चालवीत आणि सातवे दिवशी गिटार चालवीत. गिटारवाल्या लोकांचा स्वभाव काय वर्णावा, आवाजाचे बटण उजवीकडे फिरते येवढे त्यांस जन्मतः कळते आणि ते डावीकडेही फिरते हे मरेपर्यंत कळत नाही. तोफखाना अन्वरभाईंकडे, म्हणजे ड्रम. दिवाणगिरी ऊर्मिलाबाईंकडे. त्या हायस्कुलात गणित शिकवीत आणि कीबोर्ड ऐसा वाजवीत की एक सूर इकडचा तिकडे होणे नाही. आणि खर्जाचा सुभा भार्गवपंत उपळेकर यांजकडे, ज्यांची ही हकिकत. पंत नगराच्या पाणीपुरवठ्याचे पंपघरावर ऑपरेटर. चाकरीस अठरा वर्षे जाहली, पैकी पहिल्या सात वर्षांतच पंपांचे घुमणे ऐकता ऐकता त्यांचा जीव खालच्या सुरांतच रमू लागला, आणि मग त्यांनी चार जाड तारांची बेस गिटार घेतली आणि राज्याच्या चाकरीस रुजू जाहले.

आता खर्जाची चाकरी कैसी, तर घराच्या पायासारखी. सर्व भार तिजवर, आणि पाहुणे येतात ते रंगाची तारीफ करून जातात. पंतांस कोणी कधी वाहवा दिली नाही. लग्नात वाजविले तेव्हा नवरदेवाच्या आत्याने विचारिले होते की या गिटारीस दोन तारा कमी का, मोडल्या काय. पंत हसले आणि चार तारा वाजवीत राहिले. स्वभाव गरीब, रागास येणे ठाऊक नाही, आणि सुभा आपला आहे इतक्याने संतोष.

तो त्या रविवारी महाराजांनी वर्तमान सांगितले जे, पंपघरावरील मुख्य ऑपरेटर गुंडाप्पा कोरे हे पौष शुद्ध पंचमीस, शनिवारी निवृत्त होतात, त्यांचा निरोपसमारंभ पाणीपुरवठ्याच्या हॉलात होतो आणि वाजविण्यास आपणांस बोलाविले आहे. ऐकोन पंतांस आनंदाचे भरते आले, कारण कोरेमामा हे त्यांचे गुरु. पंप कोठे दुखतो हे त्याच्या अंगावर तळहात ठेवून ओळखावे, ही विद्या त्यांनीच पंतांस दिधली होती. अडतीस वर्षे यंत्रांमध्ये काढून मामांचे कान गेले होते. समोरचा मनुष्य बोले तो ओठ पाहून समजत, आणि दर साली स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसोन शेजाऱ्याचे हात पाहून टाळ्या वाजवीत, हे पंतांस ठाऊक होते आणि सलत होते.

मग तालीम सुरू जाहली, आणि दोन गाणी होत नाहीत तो ऊर्मिलाबाईंचा डावा हात, जो अकरा वर्षे बहुतेक रिकामा होता, तो सहज खालच्या पट्ट्यांवर गेला आणि खर्ज वाजवू लागला. बाईंच्या मनात पाप काही नव्हते, हातास कंटाळा आला इतकेच. परंतु तो खर्ज खोलीत स्वच्छ ऐकू आला आणि सर्वांनी मान वळवून पाहिले, आणि महाराजांनी तर गिटार थांबवून पाहिले, जे आजपावेतो वीज गेल्याशिवाय घडले नव्हते.  महाराज मनाचे वाईट नव्हेत, परंतु राजे लोकांस जे सुचते ते तेथेच बोलून टाकण्याची खोड असते. ते बोलिले, "पंत, राग मानू नका. पण तुमचा बेस नक्की आहे कुठे? मला तर अकरा वर्षांत सापडला नाही."

यावर मसलत बसली. टायरांवर टायर सरकले, चहा दुसऱ्यांदा आला, आणि शेवटी आज्ञा जाहली जे, निरोपसमारंभात समोर बसलेल्या लोकांपैकी एक तरी मनुष्याने आपण होऊन सांगावे की बेस ऐकू आला. सांगितले तर सुभा पंतांकडे कायम. न सांगितले तर सुभा ऊर्मिलाबाईंच्या डाव्या हाताकडे जावा आणि पंतांनी पुढे श्रोत्यांत बसावे. साक्षीदार पढविलेला चालणार नाही आणि घरचे मनुष्य धरणार नाही. पंतांनी मान डोलाविली आणि गिटार खोळीत घातली.

अन्वरभाई मात्र जिवाचे मित्र. ते बाहेर सोडावयास आले आणि बोलिले, "नुसता आवाज वाढवून भागायचं नाही, पंत. तो गुळगुळीत आहे, सगळ्यांच्या खालून निसटतो. त्याला जरा खरवड पाहिजे. ओव्हरड्राइव्हचं पेडल घ्या." पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी लोखंडी पेटी. गिटारीची वायर तीत जाते आणि पुढे अँपास, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यास, जाते, आणि पायाने कळ दाबिली म्हणजे गोगलगाय ऐसा सूर असेल तो गुरगुरू लागतो. पंतांस एकदम आठवले की पंपघरातील तीन नंबरचा पंप पाण्याचा लोड घेतो ते वेळी असाच गुरगुरतो, आणि तो आवाज त्यांस जगात सर्वांत प्रिय. मग आनंदाने सायकल हाणीत घरी आले, आणि दोनदा गल्ली चुकले.

घरी हुकूमत वैजयंतीबाईंची. बाई पोस्टात काउंटरवर बसत, आणि काचेपलीकडचे अर्धे बोलणे ऐकून पूर्ण काम करीत, ऐसे त्यांचे कान. पंतांनी सर्व वर्तमान निवेदिले, आणि पेडल काय करते ते तोंडाने गुरगुरून दाखविले, आणि शेजारच्या घरातून कुत्रे भुंकले. बाईंनी विचारिले की हे एकदाच घ्यावे लागते की याची पिलावळ असते. पंत बोलिले, एकच. (हे खोटे, परंतु त्यांस तेव्हा ठाऊक नव्हते.) मग बाईंनी तीन हजारांच्या आत घ्यावे ऐशी मंजुरी दिधली.

पुढे आठ दिवस पंतांनी मोबाइलवर दिग्विजय केला. मुलुखोमुलखीचे दाढीवाले पंडित, प्रत्येकाचे मागे भिंतीवर तीस गिटारी, आणि प्रत्येकजण शपथ घेऊन सांगे की पेडल घ्यावे तर हेच, आणि जे घ्यावे त्याची किंमत पाहावी तो पंतांची सायकल, इस्त्री आणि वैजयंतीबाईंचा मिक्सर मिळोन भरेना. मग स्वस्तांचे पंडित धुंडाळले, आणि त्यांचेही दोन तट पडले, आणि एकमेकांस वाटेल ते लिहू लागले, आणि पंत त्यांची भांडणे मन लावून वाचू लागले. पंपघराच्या वहीत पाण्याच्या दाबाच्या रकान्यात त्यांनी एका पेडलाचे नाव लिहिले, आणि वरच्या साहेबाने त्याखाली सही केली.

नववे दिवशी पंत खासे पेठेत गेले. तेथे वाद्यांचे व्यापारी नेमिनाथशेठ चौगुले. त्यांचे दुकानी काचेच्या दाराची एक कोठडी. गिऱ्हाईकाने तीत एकट्याने बसावे, वाजवावे आणि पसंत करावे, ऐसा पिढीजात शिरस्ता. शेठजींनी प्रथम एक तपकिरी पेटी काढली. जुनी, रंग उडालेली, एका बटणाचे डोके गेलेले, करणाराचे नाव पुसलेले. पंतांनी कळ दाबिली तो कुकरात खडे घालून शिजविल्याचा आवाज जाहला, आणि बाहेर हार्मोनियम विकत घ्यावयास आलेले भजनी मंडळ दचकून उठले. शेठजींनी माफी मागोन ती फळीवर फेकिली आणि मग एक हिरवी पेटी काढली. नवी, चकचकीत, वर पाण्याच्या थेंबाएवढा लाल दिवा. तिचा आवाज काय सांगावा, साजूक तुपासारखा, आणि भजनी मंडळही माना डोलवू लागले. पंतांचा जीव तेथेच जडला. किंमत मंजुरीच्या आत. पेटी पिशवीत घातली आणि पिशवी पोटाशी धरोन पंत घरी आले.

रविवारी दरबारात पंतांनी हिरवी पेटी मांडिली. सर्वांनी नजर केली, महाराजांनी लाल दिव्याची तारीफ केली, आणि मग तोफखाना सुरू जाहला आणि महाराज आपल्या सवयीप्रमाणे बटण उजवीकडे घेऊन तुटून पडले, आणि पंतांनी डोळे मिटून कळ दाबिली. दाबिली मात्र, आणि खर्ज गहाळ जाहला. पूर्वी निदान जमिनीतून कळत होता, तेही गेले. पंत तारा ओढतात, बोटे लाल होतात, दिवा लाल जळतो, आणि आवाज म्हणाल तर नाही. कारण ऐसे की ती पेटी गिटारवाल्यांसाठी घडलेली. खालचे सूर ती कापून टाकी आणि उरलेले गोड करोन नेमके तेथे नेऊन बसवी जेथे महाराजांची गिटार आधीच पाय पसरून बसली होती. पंत वायर गुंडाळू लागले. ऊर्मिलाबाईंनी डावा हात मांडीखाली दाबून धरिला, इतकी त्यांस कीव आली.

सोमवारी पंत पंपघरावर तोंड उतरवून बसले. ते दिवशी तीन नंबरचा पंप दुरुस्त होऊन आला होता. मेकॅनिकाने पाणी न सोडता मोटर फिरविली आणि पाहा कैसा गोड चालतो म्हणोन मिशीवर हात फिरविला. तो कोरेमामा आले. त्यांनी पंपावर तळहात ठेविला, आणि जे लोक स्वतः ऐकत नाहीत ते बोलतात तैसे मोठ्याने बोलिले, "रिकामा फिरवून काय बघतोस रं? रिकामा कुठलाबी पंप ग्वाडच वाजतोय. लोड दे, आन् मग सांग."

पंत खुर्चीवरून ताडकन उठले. आपण काय केले, तर काचेच्या कोठडीत रिकामा पंप फिरविला. भार घालावयास ना ड्रम, ना महाराज, ना कीबोर्ड, आणि त्यावर पसंती दिधली. अठरा वर्षे पंप लोडवर पाहून घेणारा मनुष्य, आणि स्वतःचे कामी ऐसा फसला. त्यांस आपली लाज वाटली आणि लगेच इतके हसू आले की मेकॅनिकाने पाणी आणून दिले. मामांस काही कळले नाही. त्यांनी पंतांच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला, आणि बिघाड नाही ऐसे ठरवून निघून गेले.

मग राज्याने पेठेवर स्वारी केली. शनिवारी भर दुपारी अन्वरभाईंचा टेंपो निघाला, आणि त्यात ड्रमचा सगळा संच, दोन अँप, कीबोर्ड आणि टायरांवर बसलेले महाराज. ऊर्मिलाबाई शाळा सुटताच परस्पर दाखल जाहल्या. नेमिनाथशेठांनी इतकी फौज पाहून हात जोडिले आणि विनंती केली जे, कोठडीत एका वेळी एकच मनुष्य मावतो. पंत आयुष्यात प्रथम ताठ उभे राहिले आणि बोलिले, "शेठ, पेडल लोडवर बघणार. तसं बघू दिलंत तर घेईन." शेठजींनी पंपाचा मनुष्य काही विजेचे बोलतो आहे ऐसे समजून वाट दिधली. तोफखाना तबल्यांच्या फळीपुढे रचिला, महाराज हार्मोनियमच्या ढिगावर टेकले. आणि पारख करावयास वैजयंतीबाई. त्यांस कोणी दुकानात उभे केले नाही. त्या रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या दुकानी ग्लास घेऊन उभ्या राहिल्या. करार ऐसा की बेस ऐकू आला तर त्यांनी हात वर करावा.

पहिली हिरवी. तोफा सुटल्या, पेठ थरारली, रिक्षा थांबल्या, बाईंनी शांतपणे रस प्याला. मग एक सोनेरी पेटी, मग एक निळी, मग एक जीवर डोळे काढिले होते. सोनेरीस बाईंचा हात कोपरापर्यंत वर आला, पण तिची किंमत ऐकून शेठजींनी आपणच ती आत नेऊन ठेविली. निळीस बाईंनी कानावर हात ठेविला. गर्दी जमली आणि काही नतद्रष्ट लोक पैजा लावू लागले. रसवाल्याने घुंगरू लाविलेला चरक बंद करविला, जेणेकरून बाईंस नीट ऐकू यावे. पेट्या संपल्या.  तो अन्वरभाईंनी ड्रमच्या काठीने फळीकडे दाखवून विचारिले की ती तपकिरी काय आहे. शेठजी नको नको म्हणतात तो पंतांनी ती उतरविली आणि वायर घातली. जे बटण डोक्यावाचून होते ते त्यांनी नखाने फिरविले. ते बटण ऐसे की त्याने मूळचा खर्ज जैसा आहे तैसा पुढे जावा आणि खरवड त्यावर चढावी. एकट्याने वाजविता ती खरवड कुकरातले खडे, परंतु मागे ड्रम आणि पुढे महाराज असता तेच खडे गर्दीतून वाट काढीत निघाले. कपाटांच्या काचा वाजल्या. शेजारी साड्यांचे दुकान, तेथील बाहुलीचा पदर खांद्यावरून सुटला. आणि रस्त्यापलीकडे वैजयंतीबाईंनी दोन्ही हात वर केले, ग्लासासकट, आणि उरलेला रस रसवाल्याच्या टोपीत गेला.

पुढे तह सुखाने जाहला. तपकिरी पेटी हिरवीहून स्वस्त, सबब शेठजींनी अदलाबदल करून वर तारांचा नवा संच दिधला, आणि पुन्हा फौज आणू नये ऐसे वचन घेतले.

पौष शुद्ध पंचमीस सायंकाळी हॉल भरला. कोरेमामा पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर, गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर श्रीफळ. भाषणे जाहली आणि मामांनी ओठ पाहून योग्य ठिकाणी हात जोडिले. मग राज्याने वाद्ये धरिली. महाराजांची आज्ञा होती की पेडल शेवटच्या गाण्यात दाबावे, तोवर सभ्यपणे वाजवावे. पंत सभ्यपणे वाजवीत राहिले. मध्ये चहास थांबले तेव्हा लोक येऊन महाराजांच्या गिटारीची, अन्वरभाईंच्या मनगटांची आणि ऊर्मिलाबाईंच्या बोटांची वाखाणणी करून गेले. एकाने पंतांस विचारिले की समोसे कोठे आहेत. त्यांनी दाखविले. आपला सुभा जातो आहे हे त्यांस कळत होते, आणि आपले सगळे लोक समोर बसले असता जातो याचे फार दुःख वाटत होते.

शेवटचे गाणे आले. पंतांनी मामांकडे पाहिले. मामा शेजाऱ्याचे हात पाहत बसले होते. मग पंतांनी पाय उचलिला आणि कळ दाबिली.

तो मामांच्या मांडीवरील नारळ थरथरू लागला. त्यांनी नारळाकडे पाहिले, त्यावर तळहात ठेविला, आणि मान एका बाजूस कलती करून बसले, जैसे पंपघरात बसत. मग नारळ शेजाऱ्याच्या हाती देऊन उठले, आणि गाणे चालू असता, हार घातलेले, सरळ मंचावर चढले. लोकांस वाटले उत्सवमूर्ती नाचावयास आली. परंतु ते कोणाकडे पाहीनात. गिटारीपुढून गेले, ड्रमापुढून गेले, आणि पंतांच्या अँपापाशी उकिडवे बसोन त्याच्या अंगावर हात ठेविला. भीतीने म्हणा वा आदराने, एक एक वाद्य थांबले. खर्ज तेवढा चालू राहिला, कारण पंतांची बोटे थांबेनात. मामा मोठ्याने बोलिले, "तीन नंबर हाय. लोड घेतलाय." मग वर पाहिले, आणि बोटे कोणाची ती पाहिली. डोळे भरून आले आणि आवाज खाली आला. "भार्गवा, इतकी वर्सं तू ह्येच वाजवत हुतास व्हय रं?"

 पंत रडत होते आणि वाजवीत होते. महाराजांनी गिटारीचे बटण डावीकडे फिरविले, आणि साक्ष पुरी जाहली ऐसे माइकवरून सांगितले. समोरच्या लोकांस कसली साक्ष ते कळले नाही. मग ऊर्मिलाबाईंनी डावा हात उचलिला, उजव्यावर आपटिला आणि पहिली टाळी वाजविली, आणि सारा हॉल उठून टाळ्या देऊ लागला. कोरेमामांनी त्या दिवशी शेजाऱ्याचे हात पाहिले नाहीत.

येणेप्रमाणे खर्जाचा सुभा भार्गवपंतांकडे कायम जाहला. तपकिरी पेटीस दोन भावंडे आली, ती वैजयंतीबाईंस अद्याप दाखविली नाहीत. राज्याचे नाव ठरले नाही. कोरेमामा दर रविवारी दरबारास येतात आणि अँपाजवळच्या टायरावर, अँपावर हात ठेवून बसतात, तो टायर दुसऱ्या कोणास देत नाहीत. पंत चार तारा वाजवितात. ज्याने ही हकिकत लिहिली त्याने ती ऐकली आहे, नाव विचारू नये, इति.